सुरतेची 'फॅक्टरी' : एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ

इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरत येथे आपली 'फॅक्टरी' स्थापन केली, हे विधान इतिहासाच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत आढळते. वर्गात हा भाग आला की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "त्या फॅक्टरीत काय तयार होत असे?" प्रश्न रास्त आहे. आज सुरत हे शहर यंत्रमाग, कृत्रिम रेशमी कापड, जर आणि हिऱ्यांना पैलू पाडणे या उद्योगांसाठी प्रसिद्ध आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी तेथे गेली आहेत. उधना, लिंबायत या भागांत मराठी व अहिराणी सर्रास ऐकू येते आणि महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे वर्गही भरतात. अशा कुटुंबातील मुलाला 'फॅक्टरी' म्हणजे ज्या ठिकाणी आपले वडील किंवा काका पाळीवर जातात ते ठिकाण, एवढेच ठाऊक असते.

परंतु त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर, "तेथे काहीही तयार होत नसे," असे आहे. सुरतेच्या त्या फॅक्टरीत एकही माग नव्हता. ती मालाची खरेदी, साठवण व पाठवणी करण्याची जागा होती. मराठी माणसांनी तिला त्या काळीच 'वखार' असे नेमके नाव दिले होते. एकाच शब्दाने सतराव्या शतकात वखार, एकोणिसाव्या शतकात गिरणी आणि विसाव्या शतकात कायद्याने ठरविलेली विशिष्ट जागा दाखवावी, ही गोष्ट केवळ शब्दकोशापुरती नाही. या शब्दाच्या अर्थावर पूर्वी राज्यांचे हिताहित अवलंबून होते. आज कामगारांचे हक्क अवलंबून आहेत.

शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत 'फाकेरे' या क्रियापदाचा अर्थ 'करणे' असा आहे. त्यापासून 'फाक्तोर' म्हणजे 'करणारा' हा शब्द बनला. युरोपातील व्यापारी आपल्या वतीने दूरदेशी व्यवहार करणाऱ्या माणसाला 'फॅक्टर' म्हणू लागले. आपल्याकडील गुमास्ता किंवा मुनीम यांच्याशी त्याची तुलना करता येईल. धनी एका देशात, व्यवहार दुसऱ्या देशात आणि दोहोंमध्ये विश्वासाने काम करणारा हा मनुष्य. असे फॅक्टर जेथे राहत व व्यवहार करीत, ती जागा म्हणजे 'फॅक्टरी' होय.

पोर्तुगीज लोक भारतात इंग्रजांच्या आधी शंभर वर्षे आले. ते अशा ठाण्याला 'फेइतोरिया' म्हणत. चीनमधील कँटन बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची जी तेरा ठाणी होती, त्यांनाही इंग्रजीत फॅक्टरी हेच नाव होते. पोर्तुगालमधील पोर्तो शहरात इंग्रज मद्यव्यापाऱ्यांनी अठराव्या शतकात बांधलेली 'फॅक्टरी हाऊस' ही वास्तू आजही उभी आहे. तीही कारखान्याची नसून व्यापाऱ्यांच्या मंडळाची वास्तू आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत फॅक्टर ही एक पायरीच होती. तरुण मनुष्य प्रथम 'रायटर' म्हणून येई. येथे रायटर म्हणजे ग्रंथकार नव्हे, तर पत्रे व हिशेब लिहिणारा कारकून. साधारणपणे पाच वर्षे ही नोकरी केल्यावर तो फॅक्टर होई आणि पुढे मर्चंट म्हणजे व्यापारी या पदास पोहोचे. कोलकात्यातील 'रायटर्स बिल्डिंग' या इमारतीच्या नावात या जुन्या अर्थाची खूण राहिली आहे.

वखारीची गरज कशामुळे पडली?

कॅप्टन विल्यम हॉकिन्स याचे 'हेक्टर' हे जहाज ऑगस्ट १६०८ मध्ये सुरतेजवळ आले. त्या वेळी सुरत हे मुघल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. पश्चिम समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक असल्यामुळे इंग्रजांना लगेच पाय रोवता आले नाहीत. १६१२ च्या अखेरीस सुवाळीच्या समुद्रात कॅप्टन थॉमस बेस्ट याने पोर्तुगीज आरमारास माघार घ्यावयास लावली. त्यानंतर जहांगीर बादशहाची परवानगी मिळून १६१३ मध्ये वखार कायम झाली. पुढे वलंदेज म्हणजे डच व्यापाऱ्यांनी आणि १६६८ मध्ये फ्रेंचांनीही सुरतेत वखारी घातल्या.

या वखारीची गरज समजण्यासाठी मोसमी वारे लक्षात घ्यावे लागतात. शिडाची जहाजे वाऱ्याच्या हिशेबाने पावसाळा संपल्यावर येत आणि काही महिन्यांत परतत. तापीच्या मुखाशी वाळूचा बांध असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीस नांगरून पडत व माल गाड्यांतून आणि लहान होड्यांतून नेला जाई. आता, जहाज आल्यावरच खरेदीस निघाले तर बाजारात भाव चढणार आणि हवा तेवढा माल एकदम मिळणारही नाही, हे उघड आहे. म्हणून काही माणसे वर्षभर तेथेच ठेवावयाची, भाव उतरलेला असताना माल घ्यावयाचा, तो कोरड्या व सुरक्षित जागी साठवावयाचा आणि जहाज येताच भरून द्यावयाचा, अशी व्यवस्था करण्यात आली. आपला शेतकरी सुगीच्या वेळी पडलेल्या भावाने धान्य न विकता ते वखारीत ठेवतो, त्याच्या उलट बाजूने केलेला हा विचार आहे. विकणारा भाव चढेपर्यंत थांबतो, तर घेणारा भाव उतरताच साठवितो. दोघांनाही वखार लागतेच.

इमारतीत तळाशी कोठारे आणि वर राहण्याच्या खोल्या असत. सर्वांत वरचा अधिकारी 'प्रेसिडेंट'. त्याच्या हाताखाली हिशेबनीस, कोठारांवरील अधिकारी, जहाजी मालाचे काम पाहणारा आणि चिटणीस असे मुख्य कामगार असत. सर्वजण एका पंक्तीस जेवत आणि रात्री दरवाजे बंद होत. याच प्रेसिडेंटच्या पदावरून पुढे 'प्रेसिडेन्सी' हा शब्द रूढ झाला. मराठीत ज्याला आपण 'मुंबई इलाखा' म्हणत होतो, त्याच्या इंग्रजी नावाचा उगम अशा रीतीने एका वखारीच्या प्रमुखाच्या हुद्द्यात आहे. १६८७ मध्ये कंपनीने आपले पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले.

कापड मात्र वखारीबाहेर, विणकरांच्या घरोघरी तयार होई. वखारवाले दलालामार्फत विणकरास आगाऊ रक्कम देत. हिला 'दादनी' म्हणत. ठरल्या मुदतीत ठरल्या मापाचे व पोताचे कापड द्यावयाचे, असा करार असे. कापडाबरोबर नीळ, सूत, सोरा हाही माल विकत घेतला जाई. सुरतेचा विख्यात सावकार वीरजी व्होरा याच्याकडून खुद्द इंग्रज कर्ज घेत असत. म्हणजेच माल देशी, विणकर देशी, दलाल देशी आणि पुष्कळदा भांडवलही देशी. फॅक्टरीची स्वतःची अशी गोष्ट म्हणजे साठवण, हिशेब आणि जहाज.

मराठी राज्यकर्त्यांनी घेतलेला अर्थ

शायिस्तेखानाच्या तीन वर्षांच्या स्वारीत महाराष्ट्राची फार हानी झाली होती. त्यानंतर जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. वीरजी व्होरा व हाजी सय्यद बेग यांच्या वाड्यांतून मोठे द्रव्य मराठ्यांच्या हाती आले. इंग्रज वखारीचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झिंडन याने मात्र वखारीत माणसे व शस्त्रे जमवून बचावाची तयारी केली. ऑक्टोबर १६७० च्या दुसऱ्या स्वारीतही इंग्रजांनी आपली वखार राखली. त्या वेळी स्ट्रेन्शॅम मास्टर हा तेथे प्रमुख होता. 'फॅक्टरी' म्हणजे कापडाचा कारखाना असे समजून हे प्रसंग वाचले, तर त्यांचा अर्थच लागत नाही. कारखान्यातील विणकर बंदुका घेऊन उभे राहिले नव्हते. ते एका परकीय व्यापारी मंडळाचे सशस्त्र ठाणे होते.

वखारवाले केवळ व्यापारी नाहीत, याचा अनुभव महाराजांना याआधीच आला होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता, राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी सिद्दीस तोफगोळ्यांची मदत केली. मार्च १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी यांना कैद केले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. या वखारीची नुकसानभरपाई आणि ती पुन्हा उघडण्याची परवानगी हे विषय पुढे कित्येक वर्षे वाटाघाटीत राहिले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याच्या बोलण्यातही ते होतेच.

या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात आले आहे. हा राजनीतिपर ग्रंथ १७१५-१६ च्या सुमाराचा आहे. सावकारांच्या प्रकरणात अमात्य सांगतात, की टोपीकर लोक सावकारी करीत असले तरी त्यांना इतर सावकारांप्रमाणे मानू नये. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि राज्य करणाऱ्यास जागेचा लोभ सुटत नाही. म्हणून त्यांना वखारीसाठी जागा द्यावयाचीच झाल्यास ती खाडीवर किंवा समुद्रकाठी देऊ नये. काही कोस आत, राजापुरासारख्या कसब्याजवळ, सखल ठिकाणी द्यावी आणि तेथे पक्की इमारत बांधू देऊ नये.

यामागील विचार बारकाईने पाहण्यासारखा आहे. खरी वखार चालविण्यास खाडीचे तोंड, उंच जागा व दगडी तट यांची आवश्यकता नसते. ज्याला या तिन्ही गोष्टी हव्या असतात, त्याला वखारीच्या नावाखाली किल्ला हवा असतो. शब्द तोच राहतो, पण त्याखालील वस्तू बदलू लागते. ही शक्यता अमात्यांनी आधीच ओळखली. पुढील इतिहासाने त्यांचे म्हणणे खरे ठरविले. १६१३ मध्ये परवानगी मागून वखार घालणाऱ्या कंपनीने १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला आणि १८०० मध्ये शहराचा संपूर्ण कारभार आपल्याकडे घेतला. पेशव्यांनी १८०२ च्या वसईच्या तहात सुरतेवरील आपले हक्क सोडून दिले.

आपला 'कारखाना' हाही शब्द बदलला

इंग्रजी शब्दाचा अर्थ बदलला आणि मराठी शब्द मात्र स्थिर राहिले, असे समजण्याचे कारण नाही. 'कारखाना' हा फारसी शब्द आहे. 'कार' म्हणजे काम व 'खाना' म्हणजे जागा. मुघल दरबारच्या कारखान्यांत वस्त्रे, शस्त्रे व मौल्यवान वस्तू तयार होत. मराठी राज्यात मात्र 'अठरा कारखाने' ही संज्ञा राजाच्या विविध खात्यांना व भांडारांना होती. जवाहीरखाना, अंबारखाना, तोफखाना, पीलखाना, फरासखाना ही त्यांपैकी काही नावे. पीलखान्यात हत्ती बांधले जात. हत्ती 'तयार' होत नसत. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले आहेत. त्यातील एका वर्गाचे नाव 'कार्यस्थानवर्ग' आहे. कारखाना या शब्दाचा तेव्हाचा अर्थ या पर्यायावरून स्पष्ट होतो.

गडावर हवालदार व सबनीस यांच्या बरोबरीने 'कारखानीस' हा अधिकारी असे. तो गडावरील धान्य, दारूगोळा व इतर सामग्रीचा साठा आणि हिशेब पाहत असे. कारखानीस आडनावाच्या घराण्याचा मूळ पुरुष कारखानदार होता, असा तर्क कोणी केल्यास तो चुकेल. तात्पर्य, सतराव्या शतकातील इंग्रजी कागदात 'फॅक्टरी' आणि मराठी कागदात 'कारखाना' हे शब्द आले, तर दोन्ही ठिकाणी आजचा अर्थ बाजूस ठेवूनच वाचन केले पाहिजे.

यंत्रयुगातील फॅक्टरी

'मॅन्युफॅक्टरी' म्हणजे हाताने वस्तू बनविण्याची जागा, असा एक शब्द इंग्रजीत होता. उत्पादनाची जागा या अर्थाने 'फॅक्टरी' हा आटोपशीर शब्दही वापरला जाऊ लागला. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइट याने इंग्लंडमधील क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारण्यास सुरुवात केली. पुढे वाफेचे यंत्र आले. शेकडो कामगार एका छपराखाली, ठराविक वेळेस, यंत्राच्या गतीने काम करू लागले. फॅक्टरी या शब्दाचा नवा अर्थ जगभर पसरला आणि जुना अर्थ मागे पडला.

या दोन अर्थांमध्ये एक विलक्षण उलटापालट आहे. पहिल्या अर्थाची फॅक्टरी सुरतेचे कापड विलायतेस नेत होती. दुसऱ्या अर्थाच्या फॅक्टरीने विलायतेचे कापड हिंदुस्थानात आणले. कंपनीचा भारताशी असलेल्या व्यापाराचा मक्ता १८१३ मध्ये संपला आणि लँकशायरच्या यंत्रांवरील कापडाने येथील बाजार भरू लागले. विणकराला दादनी देणारी फॅक्टरी जाऊन त्याच्या मागाशी स्पर्धा करणारी फॅक्टरी आली.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली व १८५६ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. मराठी माणसाने या नव्या वस्तूस 'गिरणी' म्हटले. येथे मराठीने इंग्रजीपेक्षा अधिक बारीक भेद केलेला दिसतो. कापडाची गिरणी, पिठाची गिरणी. पण साखरेचा कारखाना. खानदेशात व विदर्भात सरकी काढण्याच्या कारखान्यास 'जीन' म्हणतात. वरणगाव येथील शस्त्रास्त्रांचा कारखाना सरकारी भाषेत 'आयुध निर्माणी' होतो. इंग्रजीत जेथे फॅक्टरी किंवा मिल एवढ्यावर भागते, तेथे मराठीत निदान चार-पाच शब्द वापरात आहेत.

निळीच्या संदर्भात आणखी एक अर्थ आढळतो. बिहारमधील 'इंडिगो फॅक्टरी' म्हणजे निळीची हौद-भट्टी, मळेवाल्याचा बंगला, त्याची कचेरी व आसपासच्या गावांवरील त्याची सत्ता, हे सर्व मिळून होणारे ठाणे. तेथील रयत तिला 'कोठी' म्हणे. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये चंपारण येथे ज्या कोठीवाल्यांविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी नोंदविली, ते याच फॅक्टऱ्यांचे मालक होते.

कायद्याने दिलेला अर्थ

लोकव्यवहारात शब्दाचा अर्थ थोडा सैल असला तरी चालते. कायद्यात तसे चालत नाही. कायद्यास 'येथपर्यंत कारखाना आणि येथून पुढे नाही' अशी रेघ ओढावी लागते. भारतात ही रेघ प्रथम १८८१ च्या कारखाने कायद्याने ओढली. यंत्रशक्ती वापरणाऱ्या व १०० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या जागेसच तो लागू होता. वर्षातून चार महिन्यांहून कमी काळ चालणाऱ्या जागा त्याच्या व्याख्येत येत नव्हत्या. हंगामापुरत्या चालणाऱ्या ज्या जीनमध्ये माणसे दिवसरात्र राबत, ती जीन लोकांच्या बोलण्यात फॅक्टरी होती. पण हंगाम चार महिन्यांच्या आत आटोपला, की कायद्याच्या दृष्टीने ती फॅक्टरी नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टी व कामाच्या मर्यादित वेळेची मागणी केली. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने कामगारसंख्येची मर्यादा ५० वर आणली, १९२२ मध्ये ती २० झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी १० व न वापरणाऱ्या जागेसाठी २० कामगार अशी मर्यादा ठरविली. आठवड्यास ४८ तास काम, जादा तासांना दुप्पट दराने मजुरी, यंत्रांना संरक्षक कुंपण, निरीक्षकाची तपासणी या तरतुदी त्या अधिनियमान्वये कारखान्यास लागू होत होत्या. साहजिकच एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ९ माणसे आहेत की १०, या प्रश्नाला फार महत्त्व होते. ठेकेदारामार्फत आणलेला मनुष्यही कामगारांच्या संख्येत धरला जाई आणि मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी ती संख्या भरली, तरी ती जागा कारखाना ठरे. सुरतेत किंवा भिवंडी, इचलकरंजी येथे काम करणाऱ्या माणसाला ही व्याख्या ठाऊक नसेल, तर आपण ज्या जागेत काम करतो तिला कोणते नियम लागू आहेत, हे त्याला कळणे अवघड होते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यासंबंधीच्या २०२० च्या संहितेने ही मर्यादा यंत्रशक्तीसह २० व यंत्रशक्तीविना ४० अशी केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. मात्र ज्या जागेत १० किंवा अधिक कामगार आहेत, ती कारखान्याच्या व्याख्येत बसत नसली तरी 'आस्थापना' या नात्याने संहितेच्या कक्षेत येते. म्हणून कामगारांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी 'कारखाना' व 'आस्थापना' हे दोन्ही शब्द व त्यांच्यातील फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१९४८ च्या अधिनियमातील उत्पादनप्रक्रियेची व्याख्या वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वस्तू बनविणे एवढाच तिचा अर्थ नव्हता. पाणी किंवा तेल पंपाने चढविणे, छपाई करणे, इतकेच काय, शीतगृहात माल साठवून ठेवणे हीसुद्धा त्या व्याख्येनुसार उत्पादनप्रक्रिया होती. म्हणजे पुरेसे कामगार असलेले बटाट्याचे शीतगृह कायद्याने 'फॅक्टरी' ठरत होते. साठवणीच्या जागेपासून निघालेला हा शब्द साडेतीनशे वर्षांनी कायद्याच्या मार्गाने पुन्हा साठवणीच्या जागेपाशी येऊन पोहोचला.

'फॅक्टर' आणि 'वखार' आज

मूळ 'फॅक्टर' हा शब्दही निरनिराळ्या क्षेत्रांत शिरला आहे. गणितात त्याला 'अवयव' म्हणतात. ६ चे अवयव २ व ३. एखाद्या घटनेस कारण होणारी गोष्ट या अर्थाने तो 'घटक' होतो. रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांना वैद्यकात क्रमांकाने फॅक्टर म्हणतात. यंत्रमागधारकाच्या वीज बिलात 'पॉवर फॅक्टर' असतो. या सर्वांत 'करणारा', 'कार्य घडविणारा' हा मूळ अर्थ कमीअधिक प्रमाणात टिकून आहे. २०११ च्या फॅक्टरिंग नियमन अधिनियमातील 'फॅक्टर' मात्र जुन्या सुरतकर फॅक्टरचा जवळचा नातलग आहे. लहान उद्योजकाची मोठ्या खरेदीदाराकडे असलेली येणे रक्कम तो आपल्याकडे घेतो व उद्योजकास आधी पैसे देतो.

'वखार' हा शब्दही इतिहासजमा झालेला नाही. लाकडाची वखार प्रत्येक तालुक्याच्या गावी असते. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाची स्थापना १९५७ मध्ये झाली. शेतकरी महामंडळाच्या गोदामात धान्य ठेवतो, पावती घेतो आणि त्या पावतीच्या तारणावर कर्ज काढू शकतो. सुरतेच्या फॅक्टरीत काय चालत असे, हे ग्रामीण विद्यार्थ्यास समजावून देण्यासाठी शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

वर्गासाठी व कार्यालयासाठी

शिक्षकांनी पुढील पाच शब्दप्रयोग फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून योग्य मराठी शब्द काढून घ्यावा.

१. १६१३ ची सुरतेतील फॅक्टरी : वखार.
२. चंपारणातील इंडिगो फॅक्टरी : निळीची कोठी.
३. शुगर फॅक्टरी : साखर कारखाना.
४. खानदेशातील जिनिंग फॅक्टरी : जीन.
५. संहितेतील फॅक्टरी : व्याख्येत बसणारा कारखाना.

प्रत्येक शब्दाबरोबर, तो कोणत्या काळातील आहे, कोणाच्या तोंडी आहे आणि कोणत्या कामासाठी वापरला आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. सुरतेस नातेवाईक असलेल्या मुलांना तेथील कामाच्या जागेस घरी कोणता शब्द वापरतात, तेही विचारावे. सुट्टीत सुरतेस जाणे झाल्यास पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली इंग्रज व वलंदेज दफनस्थाने अवश्य पाहावीत. तेथील उंच घुमटांखाली ऑक्झिंडन बंधूंसारखे वखारवाले विसावले आहेत. व्यापाऱ्यांच्या थडग्यांनी असा राजेशाही थाट का धारण केला, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांना आज्ञापत्रातील विचारात सापडेल.

शासकीय पत्रांचे भाषांतर करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी 'फॅक्टरी' दिसताच 'कारखाना' लिहिण्याची घाई करू नये. जुन्या दप्तरातील कागद असेल तर काळ पाहावा. कायद्याचा कागद असेल तर व्याख्येचे कलम उघडावे. सुरतेच्या वखारीचा कारखाना केल्यास इतिहासाचे एक पान चुकते. पण एखाद्या नोंदीत कामगाराच्या शेडला 'कारखाना' म्हणावयाचे की नाही, हे व्याख्या न पाहता ठरविले, तर ती चूक त्याच्या मजुरीत, रजेत आणि अपघाताच्या वेळच्या संरक्षणात उतरण्याचा संभव असतो.